वाटणी घरटी की माणशी? आजोबांची मिळकत नातवंडांपर्यंत कशी पोचते

‘तुझा बापच आधी गेला, आता तुझा हिस्सा कुठून आला?’ तेराव्याचं जेवण आटोपून पाहुणे पांगले की असं वाक्य ओसरीवर हमखास ऐकू येतं. बोलणारा काका दर वेळी लबाड असतो असं नाही, बऱ्याचदा त्याची खरोखरच तशी समजूत असते. पुतणी गप्प बसते, कारण तिचीही तीच समजूत असते.

दुसरीकडे याच्या नेमकी उलट समजूत. एका मयत मुलाची चार मुलं म्हणतात, ‘आम्ही चौघं, तुम्ही एकटे. पाच वाटे करा.’ काकांचा हिशेब चुकीचा आहे आणि या चौघांचाही. दोघंही माणसं मोजतायत आणि तिथेच चुकतायत.

गल्लीतला गणपती आठवा. वर्गणी घरटी असते आणि महाप्रसाद माणशी. ज्या घरात दोघं राहतात त्यांनाही पाचशेची पावती आणि ज्या घरात नऊजण आहेत त्यांनाही पाचशेचीच. प्रसादाला मात्र नऊ पानं मांडावी लागतात. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर हिंदू वारसा कायदा वर्गणीच्या पद्धतीने चालतो. गेलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याचं एक घर धरायचं आणि प्रत्येक घराला सारखा वाटा द्यायचा. त्या घरात किती माणसं आहेत हा त्या घराचा प्रश्न. या घराला कायदा ‘शाखा’ म्हणतो. पुढेही हाच शब्द वापरू.

सोळा आण्यांचा हिशेब

जुने लोक जमिनीचा हिस्सा आण्यात सांगत. पूर्ण मिळकत सोळा आणे आणि एका आण्याचे बारा पै. हिशेबाला ते फार सोयीचं आहे, म्हणून तसंच करू.

समजा आजोबा वारले. मिळकत त्यांनी स्वतः कमावलेली आहे आणि मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आजी आहे. थोरला मुलगा हयात आहे, त्याला दोन मुलं. मधली मुलगी आजोबांच्या आधीच वारली, तिचा नवरा आणि दोन मुलं आहेत. धाकटा मुलगाही आधीच वारला, त्याची बायको आणि दोन मुली आहेत.

आता वाटे मोजा. आजीचा एक, थोरल्याचा एक, मधलीच्या शाखेचा एक, धाकट्याच्या शाखेचा एक. चार वाटे, प्रत्येकी चार आणे. मग शाखेच्या आत शिरायचं. मधलीच्या दोन मुलांना दोन-दोन आणे. धाकट्याच्या शाखेत त्याची बायको आणि दोन मुली असे तिघांचे सारखे वाटे, म्हणजे प्रत्येकी एक आणा चार पै. थोरल्याच्या दोन मुलांना काहीच नाही, कारण त्यांचा बाप हयात आहे आणि त्यांच्या शाखेचे चार आणे तोच घेतो.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आठव्या आणि दहाव्या कलमात हा हिशेब आहे. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तोच लागू होतो. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी, आई आणि आधी वारलेल्या अपत्यांच्या शाखा हे सगळे ‘वर्ग १’ चे वारस, म्हणजे पहिल्या पंगतीतले. यांच्यापैकी एकही हयात असेल, तर दुसऱ्या पंगतीला कुणी बसू शकत नाही. आई पहिल्या पंगतीत आहे, वडील मात्र दुसऱ्या. मुलगा गेला तर त्याच्या आईला वाटा मिळतो, वडिलांना मिळत नाही. पुष्कळ वडिलांना हे मुलाच्या मृत्यूनंतर बँकेच्या काउंटरवर कळतं.

हयात नसलेल्या मुलाच्या जागी त्याची मुलं उभी राहतात ही कल्पना १९५६ ची नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत ‘पितृतो भागकल्पना’ असे शब्द आहेत: नातवंडांचे वाटे त्यांच्या बापांवरून पाडावेत. त्या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिली, आणि महाराष्ट्रातलं वारशाचं जुनं शास्त्र मुख्यतः तिच्यावर उभं राहिलं. ओसरीवरचा काका परंपरेचा आधार देत असेल, तर परंपराही त्याच्या विरोधातच आहे. फक्त तेव्हा मुलींच्या शाखा मोजत नसत.

सुनेला वाटा आणि जावयाला नाही, हा कसला न्याय?

वरच्या हिशेबात धाकट्याच्या बायकोला वाटा मिळाला, मधलीच्या नवऱ्याला मिळाला नाही. ही लिहिताना झालेली चूक नव्हे, कायदाच तसा आहे. आधी वारलेल्या मुलाची विधवा वारस धरली जाते, आधी वारलेल्या मुलीचा विधुर नाही. १९५६ मध्ये कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सासरी राहणारी, पोटापाण्यासाठी सासऱ्यावर अवलंबून असलेली विधवा होती. त्या काळाचा विचार करता ते मला योग्यच वाटतं. जावयाने यावर तक्रार केली, तर तिच्यात तथ्य नाही असंही म्हणता येणार नाही.

‘सून पुन्हा लग्न करेल आणि वाटा घेऊन जाईल’ ही भीती बऱ्याच घरांत असते. सासरे वारले त्या दिवशी ती त्यांच्या मुलाची विधवा असेल, तर वाटा तिचा झाला, आणि तोही पूर्ण मालकीचा. नंतर तिने लग्न केलं म्हणून तो परत मागता येत नाही.

शाखेत कोण कोण मोजायचं? कायदेशीर दत्तक मूल पोटच्या मुलासारखंच मोजायचं. आजोबा वारले तेव्हा गर्भात असलेलं आणि नंतर जिवंत जन्मलेलं बाळही मोजायचं. सावत्र मूल धरायचं नाही. बेकायदा ठरलेल्या दुसऱ्या लग्नातली मुलं आईबापांच्या स्वतःच्या मिळकतीत हक्कदार आहेत, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क वडिलांच्या एकत्र कुटुंबातल्या हिश्शापर्यंत नेला.

‘आजोबांची, म्हणजे वडिलोपार्जितच की!’

हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर भावकीत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. थोरल्याची मुलं म्हणतात, ‘बाबांना आजोबांकडून मिळालं, म्हणजे ते वडिलोपार्जित, म्हणजे त्यात आमचा जन्मापासून हक्क.’ तसं नाही. आजोबांनी स्वतः कमावलेली मिळकत १९५६ नंतर वारशाने मुलाकडे आली, तर ती त्या मुलाची स्वतःची होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. थोरला आपले चार आणे विकू शकतो किंवा कुणालाही देऊ शकतो. त्यासाठी मुलांची सही लागत नाही.

जिच्यात जन्मानेच हक्क मिळतो ती मिळकत वेगळी. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कुटुंबात चालत आलेली आणि वाटप न झालेली. तिच्यात जन्मतः हक्क असलेल्या प्रत्येकाला ‘सहदायाद’ म्हणतात. या मिळकतीचा हिशेब दोन पायऱ्यांत होतो, आणि घोळ होतो तो दुसरी पायरी विसरल्यामुळे.

पहिली पायरी: माणूस वारला त्याच्या आदल्या क्षणी सगळ्यांची वाटणी झाली असं कल्पनेत धरायचं आणि त्याचा स्वतःचा हिस्सा काढायचा. दुसरी पायरी: तेवढाच हिस्सा त्याच्या वारसांत वर सांगितल्याप्रमाणे वाटायचा.

महाराष्ट्रात याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे १९७८ चा मगदूम खटला. कुटुंबप्रमुख १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. तेव्हा मुलींना जन्माने हक्क नव्हता, पण वाटणीच्या वेळी पत्नीला मुलाइतका हिस्सा मिळतो हा आपल्याकडचा जुना नियम होता. काल्पनिक वाटणी चौघांत झाली: नवरा, बायको, दोन मुलगे, प्रत्येकी पाव. मग नवऱ्याचा पाव सहा वारसांत वाटला, प्रत्येकी चोविसावा हिस्सा. पत्नीला स्वतःचा पाव आणि वर चोविसावा, म्हणजे २४ पैकी ७ भाग. दोन्ही मुलग्यांना तसेच सात-सात. तिन्ही मुलींना मात्र २४ पैकी एकेक.

हेच कुटुंब आजचं धरा. आता मुलगीही जन्मतः सहदायाद आहे, म्हणून काल्पनिक वाटणी सातजणांत होईल, प्रत्येकी सातवा हिस्सा. वडिलांचा सातवा हिस्सा पुन्हा सहा वारसांत जाईल, प्रत्येकी बेचाळिसावा. सातवा अधिक बेचाळिसावा म्हणजे बरोबर सहावा. आई, दोन भाऊ आणि तीन बहिणी, सगळ्यांना सारखाच. ज्या मुलीला १९७८ मध्ये चोविसावा हिस्सा मिळाला, तिला आज सहावा मिळेल, म्हणजे चौपट. २००५ च्या दुरुस्तीने काय बदललं हे मला कुणी विचारलं, तर मी कलमं सांगण्याऐवजी हे गणित मांडतो.

‘तिला लग्नात दिलं की सगळं’

लग्नात दिलेलं सोनं म्हणजे वाटणी नव्हे. कायदा ते वजा करत नाही. भावाच्या इंजिनिअरिंगची फी तरी कुठे कोण वजा करतं?

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायाद केलं होतं, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली. नंतर पंधरा वर्षं वाद चालला तो एकाच मुद्द्यावर: त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का? ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नकोत, हक्क जन्माने आहे. पण एक अपवाद आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी पुन्हा उघडत नाही. ‘आमची तोंडी वाटणी तेव्हाच झाली होती’ हे नुसतं बोलून चालत नाही, त्याला भक्कम सरकारी कागद लागतात.

बहिणीला वाटा सोडायचा असेल, तर तिने हक्कसोडपत्र करावं आणि ते नोंदवावं. ते राजीखुशीने असावं. राखीच्या दिवशी, पेढ्याच्या बॉक्सबरोबर सहीसाठी पुढे सरकवलेला कागद मला कधीच राजीखुशीचा वाटलेला नाही.

नियम सगळ्यांना एकच नाही

आता एक गंमत. एका माणसाची तिन्ही अपत्यं त्याच्या आधी वारली. एकाची दोन मुलं, दुसऱ्याची तीन, तिसऱ्याची चार. आजी हयात नाही. नऊ नातवंडांत वाटणी कशी?

कुटुंब हिंदू असेल, तर घरटी: तीन शाखा, प्रत्येकी तिसरा हिस्सा. पहिल्या दोघांना प्रत्येकी सहावा, पुढच्या तिघांना नववा, शेवटच्या चौघांना बारावा. कुटुंब वसईतलं ख्रिस्ती असेल, तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, आणि त्यात सगळे वारस नातवंडांच्याच पातळीचे असले की हिशेब माणशी होतो: नऊजणांना प्रत्येकी नववा. त्या कायद्याच्या पुस्तकात अगदी हेच दोन-तीन-चारचं उदाहरण दिलेलं आहे. मात्र तीनपैकी एक जरी अपत्य हयात असेल, तरी तिथेही शाखाच मोजतात.

मुस्लिम कायद्यात एक मुलगा हयात असेल, तर आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना सामान्यतः काहीच मिळत नाही. जवळचा वारस दूरच्याला बाजूला सारतो. अशा नातवंडांसाठी आजोबांना मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंत तरतूद करता येते, आणि ती हयातीतच करायला हवी.

गोव्यात पोर्तुगीज संहितेवरून आलेला वारसा कायदा चालतो. वेगळा करार नसेल, तर लग्नानंतर मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. आपल्या निम्म्यातलाही अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो. उरलेला मुलांसाठी राखीव. सिंधुदुर्गातला हिंदू बाप मुलाला मृत्युपत्रातून साफ वगळू शकतो, पण तेरेखोल ओलांडून पलीकडच्या पेडण्यातल्या बापाला ते सहज जमत नाही.

मृत्युपत्र केलं की काळजी मिटली?

मृत्युपत्र असेल, तर वरचे बहुतेक हिशेब बाजूला पडतात. स्वतःची मिळकत आणि एकत्र कुटुंबातला स्वतःचा हिस्सा हिंदू माणूस हव्या त्या व्यक्तीला देऊ शकतो. त्याची सही आणि दोन साक्षीदार एवढं पुरतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी असं माझं मत आहे.

पण आपली मृत्युपत्रं लिहिणारे एक प्रश्न टाळतात, कारण तो उच्चारणंही अशुभ वाटतं: मुलगा माझ्या आधी गेला तर?

कायद्याचा नियम असा. ज्याला दिलं तो आधी वारला, तर ते देणं रद्द होतं. भाच्याला दुकानाचा गाळा लिहून दिला आणि भाचा आधी गेला, तर भाच्याच्या मुलांना गाळा मिळत नाही. स्वतःच्या अपत्याबाबत मात्र अपवाद आहे. मुलगी आधी वारली पण तिची मुलं हयात असली, तर देणं रद्द होत नाही. ती वडिलांच्या पाठोपाठ, एका क्षणानंतर वारली असं धरतात. म्हणजे मिळकत आधी तिच्या नावावर जाते आणि तिथून तिच्या वारसांकडे. तिच्या वारसांत मुलांबरोबर नवराही येतो. मृत्युपत्र नसताना ज्या जावयाला दमडी मिळाली नसती, तो मृत्युपत्रामुळे वाटेकरी होतो, आणि सासऱ्यांच्या ते ध्यानीमनीही नसतं.

म्हणून एक वाक्य जास्तीचं लिहावं: ‘माझ्या अपत्यांपैकी कोणी माझ्या आधी मयत झाल्यास त्याचा हिस्सा त्याच्या मुलांना समान मिळावा.’ सून किंवा जावयालाही द्यायचं असेल, तर तसं स्पष्ट लिहावं. ‘माझ्या सर्व मुलानातवंडांना समान’ असं मोघम लिहिलं की वकिलांची दिवाळी, कारण समान म्हणजे घरटी की माणशी, हे सांगणारा माणूस आता नसतो.

‘नॉमिनी मी आहे, म्हणजे मालक मीच’

नाही. नॉमिनी हा पैसे किंवा शेअर्स ताब्यात घेऊन वारसांपर्यंत पोचवणारा माणूस. शेअर्सबद्दलची उरलीसुरली शंका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दूर केली. हाउसिंग सोसायटीतही नॉमिनेशनमुळे फ्लॅटची मालकी ठरत नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचंही तेच. ती महसुलाची नोंद आहे, मालकीचा निवाडा नाही. धाकट्याच्या मुलींची नावं वारसनोंदीत राहून गेली, म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. पण तीस वर्षांनी तो सिद्ध करण्यापेक्षा आजच तलाठ्याकडे अर्ज दिलेला बरा.

आजी गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून

आपल्या उदाहरणातल्या आजीकडे चार आणे होते, आठवतं? त्यांची ती पूर्ण मालक होती. आता ती वारली, आणि तिनेही मृत्युपत्र केलं नव्हतं.

बाईच्या मिळकतीला निराळं कलम लागतं, पंधरावं. पहिले वारस मुलगे, मुली, आधी गेलेल्या मुलामुलींची मुलं आणि नवरा. सून यात नाही. सासऱ्यांकडून वाटा मिळालेल्या सुनेला सासूच्या मिळकतीत काही नाही! आजीचे चार आणे तीन शाखांत जातील, प्रत्येकी एक आणा चार पै. ते थोरल्याला, मधलीच्या दोन मुलांना आणि धाकट्याच्या दोन मुलींना. शेवटी थोरल्याकडे पाच आणे चार पै. मधलीच्या मुलांकडे प्रत्येकी दोन आणे आठ पै. धाकट्याच्या मुलींकडे प्रत्येकी दोन आणे, आणि त्यांच्या आईकडे तोच एक आणा चार पै. बेरीज करून पाहा, सोळा आणे भरतात.

हेच कलम मूलबाळ नसलेल्या बाईवर फार अन्याय करतं. नवरा हयात नाही, मुलं नाहीत आणि तिने स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला. मृत्युपत्र नसेल, तर तो तिच्या आईवडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, दिराकडे किंवा नणंदेकडे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्यही केलं, आणि सहानुभूतीपोटी कायद्याचा अर्थ बदलता येणार नाही असं सांगितलं. माहेरून वारशाने आलेली मिळकत तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. कमावत्या बाईने मृत्युपत्र करायला साठीची वाट पाहू नये, असं मी म्हणतो ते यामुळे.

आता क्रम उलटा धरा. आजी आधी गेली आणि आजोबा नंतर. तेव्हा आजोबांच्या सोळा आण्यांचे चार नव्हे, तीनच वाटे पडतील, प्रत्येकी पाच आणे चार पै. धाकट्याच्या शाखेत ते तिघींत सारखे वाटले जातील आणि सुनेला एक आणा चार पै ऐवजी पाऊणेदोन आण्यांहून थोडं जास्त मिळेल. माणसं तीच, मिळकत तीच, फक्त मरणाच्या तारखा मागेपुढे झाल्या. चाळीस वर्षं आजोबांच्याच नावावर पडून राहिलेल्या जमिनीची वाटणी करायला बसलात, तर वकील सातबारा नंतर मागेल. आधी कोण कोणत्या तारखेला वारलं ते विचारेल आणि प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला घेऊन यायला सांगेल.